बसचे स्टिअरिंग सोडून लॉरीवर जाताना

कापडाच्या धंद्यात माल विणणारा, विकणारा आणि घेणारा अशा तिघांचा विचार नेहमी होतो. माल पोहोचवणारा चौथा माणूस मात्र कोणाच्या हिशेबात नसतो. गाठी वेळेवर पोहोचल्या तर त्याचे नाव निघत नाही, आणि उशीर झाला किंवा माल भिजला की पहिला दोष त्याच्यावर येतो. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आमच्या मालेगावचे ग्रे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतरा आणि गुजरातेत जेतपूरकडे जाते. तीस वर्षांपासून आमचा ट्रक ड्रायव्हरांशी रोजचा संबंध आहे. गेल्या काही वर्षांत या ड्रायव्हरांमध्ये एक नवीन वर्ग दिसू लागला, तो म्हणजे बस सोडून लॉरीवर आलेल्यांचा. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा बसगाड्या जागेवर उभ्या राहिल्या, मालाच्या गाड्या मात्र हळूहळू चालू झाल्या. त्यानंतर ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला. त्या महिन्यांत घर चालवण्यासाठी आमच्या ओळखीच्या काही चालकांनी टेम्पो-ट्रकवर बदली काम केले. काही परत गेले, काही तिकडेच राहिले.

आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण 2020 च्या पावसाळ्यात आमच्याकडे आला. खाजगी रातराणी बसवर त्याची अकरा वर्षे गेली होती आणि एकही अपघात नव्हता. म्हणाला, "चाचा, कोणत्या तरी ट्रान्सपोर्टला सांगा. स्टिअरिंग तेच आहे, रस्ता तोच आहे." आम्ही शब्द टाकला. त्याच्या पहिल्या फेरीत आमच्याच गाठी होत्या.

त्या रात्री जोराचा पाऊस लागला. ताडपत्रीचा मागचा कोपरा सुटला होता, पण त्याने गाडी थांबवून पाहिले नाही. बसवाल्याची सवय अशी की मध्ये थांबायचे नाही, वेळ गाठायची. सकाळी पाहतो तो मागच्या नऊ गाठी ओल्या. तरीही त्या त्याच दिवशी उघडल्या असत्या तर कापड वाळवता आले असते. ते झाले नाही. माल उतरवायला जागा नाही म्हणून गाडी तीन दिवस बाहेर उभी राहिली. ओल्या गाठी आतून गरम झाल्या, कापडाला बुरशीचे डाग पडले, आणि त्या मालाचा भाव कापला गेला. गाडीमालकाने ती रक्कम ड्रायव्हरच्या पैशातून वळती केली.

आम्ही त्या वेळी गप्प बसलो. पुढे विचार केला तेव्हा कळले की दोर बांधला हमालांनी, गाडी उभी ठेवली माल घेणाऱ्याने, पाऊस लागणार हे माहीत असून नवख्या माणसाला एकटे पाठवले मालकाने, आणि त्याची शिफारस केली आम्ही. पैसे मात्र एकट्या ड्रायव्हरने भरले. आमच्या वाट्याची रक्कम आम्ही नंतर त्याला दिली, पण ते उशिरा सुचले. त्यानंतर या विषयाची जी माहिती आम्ही गोळा केली ती वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांची मुले या मार्गाने जात आहेत त्यांना आणि जे व्यापारी या मुलांच्या हाती माल देतात त्यांना, दोघांनाही ती उपयोगी पडावी.

परवान्याची गोष्ट

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की बसच्या परवान्यावर ट्रक चालवता येतो काय? 1988 च्या मोटार वाहन कायद्यात आरंभी मध्यम व जड प्रवासी वाहन, मध्यम व जड माल वाहन असे निरनिराळे वर्ग होते. 14 नोव्हेंबर 1994 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे वर्ग काढून 'परिवहन वाहन' असा एकच वर्ग केला. म्हणून ज्याच्या परवान्यावर परिवहन वाहनाची नोंद आहे, त्याला ट्रकसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तरी आपल्या कार्डावर नेमके काय लिहिले आहे ते निघण्यापूर्वी आरटीओत जाऊन समजून घ्यावे. ज्याच्याकडे केवळ हलक्या वाहनाचा परवाना आहे त्याच्याबाबत सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये निर्णय दिला आहे. असा माणूस एकूण वजन 7,500 किलोच्या आत असलेले मालवाहन चालवू शकतो, त्यापुढील नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर परिवहन परवान्याची मुदत 5 वर्षांची झाली, आणि आठवी पास असण्याची अटही त्याच वर्षी निघाली. ज्वालाग्राही किंवा घातक माल नेणाऱ्याचा परवाना मात्र 3 वर्षांचाच असतो. त्यासाठी नियम 9 प्रमाणे 3 दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. उर्दू त्या अनुसूचीत आहे, हे आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी ध्यानात ठेवावे. रंगाईच्या कारखान्यांना लागणारी रसायने नेणाऱ्याला भाडे चांगले मिळते, परंतु हे प्रशिक्षण नसताना तसा माल भरू नये.

प्रवासी वाहनाचा बॅज लॉरीवर लागत नाही. तरीही त्याची मुदत संपू देऊ नये. परत फिरण्याची वेळ आली तर दार उघडे राहते.

ओझ्याचा फरक

स्टिअरिंग तेच, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. माणशी 65 किलो धरले तर 50 प्रवाशांचे वजन सव्वातीन टन होते. म्हणजे रिकामी बस आणि भरलेली बस यांत फरक आहे, पण बेताचा. ट्रकचे तसे नाही. रिकाम्या ट्रकचे जे वजन असते त्याच्या दुप्पट-तिप्पट ते भरल्यावर होते. केंद्राने 2018 मध्ये वजनाची मर्यादा वाढवली तेव्हा तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची मर्यादा 25 टनांवरून 28.5 टन झाली. बसवर ज्या अंतरात ब्रेक लागण्याची पायाला सवय असते, त्या अंतरात हे ओझे थांबत नाही.

रिकामी गाडीही फसवते. मागचे टोक हलके असल्यामुळे ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारला की मागची चाके जाम होऊन गाडी घसरते. जाताना आणि येताना ती एकाच पद्धतीने चालत नाही. नव्या माणसाने पहिल्या काही फेऱ्या जुन्या ड्रायव्हरसोबत कराव्यात हे उत्तम.

कसारा घाट बसने शेकडो वेळा उतरलेला माणूसही भरल्या लॉरीने उतरताना नवशिकाच असतो. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुना नियम आहे. सारखा पाय ब्रेकवर ठेवला तर ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाहीत. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची शिकवण कोणी दिली तर त्याची संगत सोडावी.

प्रवासी स्वतः चढतो, स्वतः धरून बसतो आणि काही बिघडले तर ओरडतो. गाठ काहीच बोलत नाही. जड माल खाली व हलका वर ठेवला आहे की नाही, वजन एका बाजूला झुकले आहे काय, ताडपत्री फाटकी आहे काय, दोर कोपऱ्यांवर ताणला आहे काय, हे ड्रायव्हरने स्वतः पाहावे. हमालांनी बांधले म्हणून विसंबू नये. निघाल्यावर पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा ताणावा, कारण गाडीच्या हिसक्यांनी माल बसतो आणि दोर सैल पडतो. मर्यादेपेक्षा जास्त माल भरला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. तो कोण भरणार हे भरण्यापूर्वीच विचारावे.

कागदांची जबाबदारी

बसवर तिकिटांचा हिशेब कंडक्टर पाहतो. लॉरीवर कंडक्टर नाही. बिल्टी, बिल, ई-वे बिल, गाडीचे परमिट, फिटनेस, विमा आणि पीयूसी हे सर्व ड्रायव्हरच्या पिशवीत असते आणि रस्त्यात विचारणा त्यालाच होते.

50,000 रुपयांहून अधिक किमतीचा माल दुसऱ्या राज्यात नेताना 1 एप्रिल 2018 पासून ई-वे बिल लागते. जानेवारी 2021 पासून त्याची मुदत दर 200 किलोमीटरला 1 दिवस अशी आहे. म्हणजे 900 किलोमीटरच्या प्रवासाला 5 दिवस मिळतात. गाडी बिघडली व माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नवा गाडी नंबर त्यात भरावा लागतो. मुदत संपत आली तर संपण्यापूर्वीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत ती वाढवून घेता येते. हे काम ड्रायव्हरने एकट्याने करावयाचे नाही, पण फोन त्यानेच वेळेवर केला पाहिजे. कागद चुकला तर गाडी अडकते, आणि अडकलेल्या गाडीत दिवस काढायचे ते त्यालाच.

महिन्याचा हिशेब

बस सोडणारा बहुतेक पैशासाठी सोडतो. म्हणून हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते धरले आहेत.

बसवर महिना 24,000 रुपये मिळतात आणि बाहेरच्या खाण्याला दिवसा 100 रुपये लागतात असे धरा. 3,000 वजा जाता 21,000 घरी येतात. लॉरीवर एका फेरीला 6,500 रुपये ठरले. फेरी 6 दिवसांची, म्हणून महिन्यात 5 फेऱ्या आणि 32,500 रुपये, असे सांगितले जाते. रस्त्यावरच्या खाण्याला दिवसा 300 प्रमाणे 9,000 गेले तर 23,500 उरतात. बसपेक्षा अडीच हजार जास्त.

आता भरताना दोन दिवस आणि उतरवताना दोन दिवस गाडी उभी राहिली. फेरी 10 दिवसांची झाली, महिन्यात 3 फेऱ्या झाल्या आणि 19,500 रुपये मिळाले. खाण्याचे 9,000 तेवढेच लागले. उरले 10,500, म्हणजे बसच्या निम्मे. गाडी जितकी चालली तितकी चाललीच, त्याच्या कामात काहीही कसूर नाही. केवळ उभे राहण्याने त्याच्या मुलांचा घास अर्धा झाला.

म्हणून नोकरी धरताना फेरीचा दर विचारून थांबू नये. गाडी उभी राहिली तर दिवसाला किती, म्हणजे हॉल्टिंग ड्रायव्हरला मिळते की मालकच ठेवतो, ते विचारावे. हमाली-वराई कोणाकडे? पंक्चर कोणाकडे? माल कमी भरला किंवा भिजला तर कापणार किती आणि कोणाच्या सांगण्यावरून? टोल आता फास्टॅगमधून जातो, ती एक कटकट कमी झाली. गाडीच्या विम्यात ड्रायव्हर-क्लीनरचा जादा हप्ता भरला आहे की नाही, तेही पाहावे. हे सर्व एका कागदावर लिहून घ्यावे. तोंडी बोलणे पहिल्या नुकसानीपर्यंतच टिकते.

बस सोडण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. 5 वर्षे सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. पीएफ भरला जात असेल तर महिन्याच्या पेन्शनसाठी 10 वर्षांची नोकरी धरली जाते. नऊ वर्षे झालेल्या माणसाने वर्षभर कळ काढली तर म्हातारपणाचा आधार होतो. पीएफची रक्कम काढून मोडू नये. नव्या ठिकाणी खाते असेल तर तिकडे वळती करून घ्यावी.

आणि रात्रींचा हिशेबही करावा. बसवाला एक-दोन रात्रींनी घरी येतो, लॉरीवाला आठ-दहा दिवसांनी. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये 1 ऑक्टोबर 2025 पासून एसी सक्तीचा झाला आहे, पण रस्त्यावर ज्या गाड्या आहेत त्या बहुतेक जुन्याच आहेत. दोन रात्री जागून तिसरी रात्र चालवण्यात मर्दुमकी नाही. 1961 च्या मोटार कामगार कायद्याने दिवसाला 8 तास आणि 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती ती अनुभवातूनच. घरच्या माणसांशी, विशेषतः पत्नीशी, बोलूनच हा निर्णय घ्यावा.

व्यापारी बांधवांना

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. गाडी दारात आली की "आज जागा नाही, उद्या पाहू" असे कोण म्हणतो? आपणच. आपल्या गोदामाचे भाडे वाचते आणि ट्रक आपले फुकटचे गोदाम होतो. त्याचे भाडे कोण भरतो ते वरच्या हिशेबात दिसते. दुसऱ्याच्या मजुरीतून केलेल्या बचतीत बरकत नसते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

आम्ही त्या नऊ गाठींनंतर आपल्यापुरते तीन नियम केले. बिल्टीवर लिहून देतो की माल पोहोचल्यावर 24 तासांत उतरला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे हॉल्टिंग, आणि त्यातला ड्रायव्हरचा वाटा त्याच्याच हाती. पावसाळ्यात माल भरून होईपर्यंत आमचा माणूस तेथे उभा राहतो आणि दोर ड्रायव्हरसमोर ताणला जातो. आणि नुकसान झाले तर कापण्यापूर्वी ड्रायव्हरचे म्हणणे ऐकून घेतो. यात आमचे फार पैसे गेले असे नाही, आणि आमच्या गाठी त्यानंतर भिजलेल्या नाहीत.

तो तरुण अजून लॉरीवरच आहे. आमचा माल घेऊन निघाला की गावाबाहेर पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेऊन दोर तपासतो आणि मग फोन करतो, "चाचा, दोर पाहिला." एवढेच बोलतो. ज्यांच्या घरातला मुलगा बस सोडून या कामाला निघाला असेल त्यांनी त्याला वरचा हिशेब एकदा कागदावर मांडायला लावावे, आणि ज्यांच्या दारात आज गाडी उभी असेल त्यांनी ती आजच रिकामी करून द्यावी, ही आमची विनंती आहे.