आगमनकाळ : ओल टिकवण्याचे दिवस

आजचे वाचन : याकोब ५:७-८; लूक २:२५-३८



नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून आगमनकाळ, म्हणजे ॲडव्हेंट, मोजतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'येणे' असा आहे. पण घराला रंग, नवे कपडे, फराळ, कॅरलची प्रॅक्टिस या धावपळीत हा काळ कधी सरतो ते कळतही नाही. मग हा काळ वेगळा पाळायचा तरी कशाला?

याकोब सांगतो की प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा, आणि दाखला देतो शेतकऱ्याचा. इस्राएलात पहिला पाऊस पेरणीच्या वेळी येतो, शेवटचा पीक भरताना. मधले दिवस वाट पाहण्याचे.

आपल्या परभणीत हा दाखला समजायला लांब जायला नको. डिसेंबरात रानात रब्बी ज्वारी उभी असते. पावसाळा केव्हाच संपलेला. कोरडवाहू ज्वारी काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच वाढते. आभाळात ढग दिसत नाही, पण पडून गेलेला पाऊस मुळाशी असतो.

आपलंही तसंच आहे. प्रभू एकदा बेथलेहेमात आला, तो पुन्हा येणार आहे. या दोन आगमनांच्या मध्ये आपण आधीच मिळालेल्या कृपेवर जगतो.

पण शेतकरी हातावर हात ठेवून बसत नाही. तो कोळपणी करतो, कारण भेगा बुजल्या नाहीत तर ओल उडून जाते. प्रार्थना, वचन, पश्चात्ताप, तुटलेलं नातं जोडणं ही आपली कोळपणी. त्याने कृपा विकत मिळत नाही. मिळालेली कृपा मनात टिकते.

हन्नाकडे पाहा. लग्नानंतर सात वर्षांतच ती विधवा झाली. चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई मंदिर सोडत नव्हती. उपास आणि प्रार्थना करत होती. म्हणूनच गरीब आईबापांच्या हातातलं बाळ तिने ओळखलं. त्या दिवशी मंदिरात पुष्कळ लोक असतील, पण लूक ओळखणारे दोघंच सांगतो : शिमोन आणि हन्ना. दोघंही वाट पाहणारे.

माझ्या ओळखीचा एक जण सहा महिने इंटरव्ह्यू देतोय. गावाकडे कोणाचं सोयाबीन पाण्यात गेलं, कोणाच्या घरातलं माणूस गेलं. अशांना डिसेंबर लागला की लगेच 'आनंद करा' म्हणणं जड जातं. आगमनकाळ त्यांना घाई करत नाही. अंधार आहे हे तो मान्य करतो, आणि पहिल्या रविवारी एकच मेणबत्ती लावतो. दुसरी पुढच्या रविवारी. तुमच्या घरी यंदा एकच मेणबत्ती पेटली असेल तरी तुम्ही नाताळच्या वाटेवरच आहात.

आज एवढंच करू या. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला, तर नाताळच्या आदल्या रात्री पूर्ण होतो. आणि ज्याला हा महिना जड जातोय अशा एकाला फोन करा. उपदेश नको, नुसतं ऐका.

प्रार्थना : हे प्रभू, वाट पाहताना आमची मनं कोरडी पडू देऊ नकोस. तू येशील तेव्हा तुला ओळखणारे डोळे आम्हांला दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.