नवागतांसाठी: लेक फोर्कवरची उन्हाळी बास मासेमारी (डॅलस परिसर)

नियम आणि गळ (प्लेनोचे काका)

- डॅलसहून पूर्वेला साधारण दीड तास. पाण्यात जुनी झाडं उभी आहेत, म्हणून तंगूस जाड घ्या, 17 ते 20 पाउंडाचा.
- 17 वर्षांखालच्यांना लायसन्स लागत नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी कुणालाच लागत नाही. जुलैत काढलंत तरी बहुतेक लायसन्सं 31 ऑगस्टलाच संपतात.
- 16 ते 24 इंचांमधला लार्जमाउथ बास पाण्यात परत. दिवसाला पाच मासे ठेवता येतात. त्यांत 24 इंच किंवा त्याहून मोठा एकच. मोजपट्टी विसरू नका.
- पहाटे: किनाऱ्याजवळ, हायड्रिलाच्या कडेने पॉपर. गवत दाट असेल तर रबरी बेडूक. झडप दिसली की लगेच खेचू नका. तंगूस ताणला की मग झटका.
- ऊन चढल्यावर: 15 ते 25 फुटांवरचे उंचवटे आणि पाण्यात शिरलेल्या जमिनीची टोकं. खोल जाणारा क्रँकबेट, रंग शॅडचा, कारण बासचं खाणं तेच. तो तळाला आपटत आला पाहिजे. दाद नाही मिळाली तर टेक्सास रिगवर 10 इंची रबरी किडा, जांभळट रंगाचा, अगदी सावकाश.
- उन्हाळ्यात खालच्या गार थरात प्राणवायू फारसा उरत नाही. मासा त्या थराच्या वरच असतो. त्याखाली गळ सोडणं फुकट.
- सोडायचा मासा ओल्या हातांनी धरा. कोमट पाण्यात तो लवकर दमतो, फोटोसेशन नको.
- होडी: भाड्याने मिळते. 13 वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं.

लायसन्सचा ताप (इर्विंगचे एक गृहस्थ)

टेक्सासात सहा महिने सलग राहिल्याशिवाय तुम्ही 'रहिवासी' नाही, आणि बिगर-रहिवाशाला जवळपास दुप्पट पैसे! आम्हाला सहा महिने झाले होते, पण काउंटरवरच्या बाईंना ते पटेना. वीजबिल दाखवलं, तर ते बायकोच्या नावावर. पगाराच्या पावत्या दाखवल्या, तर म्हणे छापील आणा. मागे रांगेतले लोक उसासे टाकतायत, धाकटा रडतोय. अख्खा शनिवार गेला. ज्या देशात एवढा मोठा मासा मिळतो तिथे एवढासा कागद मिळू नये? सगळ्या कागदांची फाइल घेऊनच जा, आणि मनात गणपतीचं नाव घ्या.

मुलांना नेताना (फ्रिस्कोच्या आजी)

इंचांच्या नियमावर कुरकुर कशाला? आपल्याकडेही पावसाळ्यात दर्या बंद असतो, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या निघत नाहीत. माशाला वाढू द्यावं, हे शहाणपण दोन्हीकडचं. मुलांना हे तळ्याकाठी सांगा, मराठीतून सांगा. तिथेही आयपॅड हातात दिलात तर घरीच बसा. श्रावणात पकडा आणि सोडा, घरी आणू नका. एरवी 16 इंचांच्या आतला मासा तिखल्याला उत्तम. मोठ्याला चव नाही, हे माझं मत. तिरफळं संपली असतील तर माझ्याकडून न्या.