ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवताना



माणसाच्या रक्ताचे गट असतात हे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली प्रसिद्ध केले. तरी आजही क्वचित 'ए' गटाचे रक्त 'ओ' गटाच्या रोग्याला चढते. बहुधा तपासणी चुकलेली नसते, माणूस चुकलेला असतो. नमुन्याच्या नळीवर शेजारच्या खाटेवरचे नाव पडते, किंवा थिएटरात घाईने दुसऱ्याची पिशवी लागते.

आपल्यात आजोबांचे नाव बरेचदा नातवाला देतात आणि आडनावे पडली कोकणातल्या गावांवरून. तेव्हा एकाच नावाचे दोघे सहज निघतात. म्हणून नुसत्या नावावर भिस्त नको. तेउदात झेहूतचा नऊ आकडी नंबर मात्र दुसऱ्या कोणाचा नसतो. नमुना घ्यायला आलेल्या नर्सने "तुम्ही अमुकच ना?" असे न विचारता नाव आपल्यालाच सांगायला लावावे. हिब्रू कच्चे असलेले आपले वडीलधारे कशालाही "केन, केन" म्हणून मोकळे होतात! नळीवर चिठ्ठी खाटेजवळच लागली पाहिजे. मनगटावरचा पट्टा कापावा लागला तर लगेच नवा बांधून घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

जागा रोगी थंडी वाजते, कंबर दुखते, जीव घाबरतो असे सांगतो. भुलीतला काय सांगणार? रक्तदाब एकाएकी उतरणे, जखमेतून रक्त झिरपत राहणे, लघवी लाल होणे यांवरूनच डॉक्टरांनी ओळखायचे. आणि यातली काही चिन्हे ऑपरेशनमुळेही दिसतात, हीच अडचण. शंका येताच रक्त बंद करतात, शीर मोकळी ठेवून नव्या नळीने सलाईन लावतात, नाव-नंबर पुन्हा ताडतात, आणि पिशवी व ताजा नमुना रक्तपेढीकडे धाडतात. मूत्रपिंडे वाचावीत म्हणून लघवी वाहती ठेवतात. शिवाय पिशव्यांची अदलाबदल झाली असेल, तर दुसराही रोगी धोक्यात असतो. त्यालाही तत्काळ शोधावे लागते.

मुंबईकडच्यांसाठी एक गोष्ट. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत सापडलेल्या एका दुर्मिळ रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. जगभर तो 'बाँबे' गट म्हणूनच ओळखतात. वरवरच्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्याला 'ओ'चे रक्तही चालत नाही, बाँबे गटाचेच लागते. घरात कोणाचा हा गट निघाला असेल तर सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावे, आणि ऑपरेशनची तारीख ठरताच सर्जन व भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगावे, म्हणजे रक्ताचा शोध वेळेवर सुरू होतो.