रस्त्याचें मोजमाप

रस्ता वाईट आहे असें म्हणणारे गांवोगांव भेटतात. तो किती वाईट आहे हें सांगणारा मात्र क्वचित् भेटतो. बैलगाडी हांकणारा, एस. टी. चालविणारा आणि सायकलवरून शाळेस येणारा विद्यार्थी या तिघांस एकच रस्ता तीन प्रकारचा वाटतो. अर्ज लिहिणारास तो ‘अत्यंत खराब’ दिसतो, तर अर्ज वाचणारास ‘बरा’. दोघांमध्यें निवाडा करूं शकेल अशी वस्तु एकच, ती म्हणजे आंकडा. हा आंकडा थोड्या खर्चांत कसा काढतां येतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे लोक घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग मानतात. रस्त्यांच्या दृष्टीनेंही ही वांटणी खरी आहे. वर चिखली-मेहकरकडे पुष्कळ ठिकाणीं थोडें खणलें कीं मुरूम किंवा खडक लागतो. राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुरा या बाजूस पूर्णेच्या खोऱ्याकडे गेलें म्हणजे भारी काळी जमीन सुरू होते. ही माती कपाशीची माउली खरी, पण रस्त्याची वैरीण आहे. पाऊस पडला कीं ती फुगते, आणि उन्हाळ्यांत आकसून तिला रुंद भेगा पडतात. डांबराखालील मधली माती ओल धरून राहते, कडेची लवकर वाळते. त्यामुळें रस्त्याच्या कडेनें लांबच लांब चिरा जातात, पृष्ठभाग लाटांसारखा होतो, आणि पुढील पावसाचें पाणी त्या चिरांतून आंत शिरतें. खड्डा हा या रोगाचा शेवट होय, आरंभ नव्हे.

इ. स. १९४३ मध्यें नागपूर येथें देशांतील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. शेतीनें सुधारलेल्या प्रदेशांतील कोणतेंही गांव मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर राहूं नये, असें धोरण तींत ठरलें. म्हणजे अंतराचें माप ठरलें. परंतु पृष्ठभागाच्या खडबडीतपणास जगभर एकच माप मिळावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं. १९८२ मध्यें ब्राझील देशांत निरनिराळ्या देशांचीं यंत्रें एकाच रस्त्यांवर चालवून पाहण्यांत आलीं, आणि त्यांतून जागतिक बँकेच्या आश्रयानें आंतरराष्ट्रीय खडबड-निर्देशांक निघाला. ठराविक बांध्याची मोटार ताशीं ८० किलोमीटर वेगानें गेली असतां, एका किलोमीटरांत तिच्या स्प्रिंगांची वरखालीं हालचाल एकंदर किती मीटर होईल, हें तो सांगतो. शून्य म्हणजे आरशासारखा सपाट रस्ता. नवा चांगला डांबरी रस्ता दोन-तीनच्या आसपास असतो; बिघडलेली कच्ची सडक दहाच्या पुढें सहज जाते.

हा निर्देशांक काढणाऱ्या लेसरच्या मोटारी फार महाग असतात, आणि आमच्या पांदणींत त्या शिरावयाच्याही नाहींत. ही अडचण ओळखून इंग्लंडच्या रस्ते-संशोधन प्रयोगशाळेंतील कंडिल यांनीं १९९१ मध्यें एक साधें यंत्र प्रसिद्ध केलें. त्याचें नांव मर्लिन. इंग्रजी दंतकथांतील एका जादूगाराचेंही हेंच नांव आहे. पण येथें जादू मुळींच नाहीं, सर्व काम तरफेचें आहे.

पुढें सायकलचें एक चाक, मागें एक लोखंडी पाय, दोहोंत अंतर १·८ मीटर, आणि बरोबर मध्यावर रस्त्यास टेकणारी एक दांडी. चाक व पाय जेथें टेकतात त्या दोन बिंदूंना जोडणारी एक सरळ रेषा मनांत ओढा. त्या रेषेच्या मध्यापेक्षां रस्ता किती उंच किंवा किती खोल आहे, एवढेंच मधली दांडी सांगते. तिला जोडलेला कांटा तें अंतर दसपट करून दाखवितो; म्हणजे रस्त्यांत एका मिलिमीटरचा फरक असल्यास कांटा एक सेंटिमीटर सरकतो. कांट्यामागें ५ मिलिमीटर रुंदीच्या रकान्यांचा कागद लावलेला असतो. कांटा ज्या रकान्यांत असेल तेथें एक फुली करावयाची, मागची मूठ हातगाडीप्रमाणें उचलून चाकाचा एक फेरा पुढें जावयाचें, पुन्हां टेकावयाचें. अशा दोनशें फुल्या सुमारें चारशें मीटरांत पुऱ्या होतात. सपाट रस्त्यावर फुल्या मध्यें दाट जमतात. खडबडीत रस्त्यावर त्या दोन्हीं बाजूंस पसरतात.

नंतरचें गणित सोपें आहे. दोन्हीं टोकांच्या दहा-दहा फुल्या सोडून उरलेल्यांच्या पसाऱ्याची रुंदी मिलिमीटरांत मोजावी, तिला ०·०४७१ नें गुणावें व गुणाकारांत ०·५९३ मिळवावे. समजा, रुंदी ६० आली, तर निर्देशांक सुमारें ३·४. १८० आली, तर सुमारें ९·१. कामापूर्वीं मधल्या दांडीखालीं ६ मिलिमीटर जाडीची पट्टी सरकवून पाहावी. कांटा ६० मिलिमीटर सरकला पाहिजे. तो ५७ च सरकला, तर आलेल्या रुंदीस ६० नें गुणून ५७ नें भागावें. जो विद्यार्थी ही तपासणी कंटाळून टाळील, त्याच्या आंकड्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाहीं. गांवचा लोहार किंवा वेल्डिंगवाला आणि सायकलदुरुस्तीचें दुकान मिळून हें यंत्र बनवूं शकतील. माप मात्र कमी रहदारीच्या गांवरस्त्यावरच, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, दोन्हीं बाजूंस लाल निशाण धरून घ्यावें.

मर्लिन रोग किती वाढला तें सांगतो, कारण सांगत नाहीं. त्यासाठीं दुसरें स्वस्त साधन आहे: टोकास ६० अंशांचा पोलादी शंकु असलेली पहार. तिच्यावर ८ किलोग्रॅमचा हातोडा ५७५ मिलिमीटर उंचीवरून पडूं द्यावयाचा, आणि एका घावास शंकु किती मिलिमीटर रुततो तें लिहावयाचें. मुरमांत तो थोडा रुतेल. भिजलेल्या काळ्या मातींत भराभर जाईल. डांबरी रस्त्यास मात्र अभियंत्यांच्या परवानगीवांचून भोंक पाडूं नये.

मोबाइल फोनमधील हिसका ओळखणारें साधनही हल्लीं या कामीं लावतात. बंगळूरास २००८ मध्यें तसे प्रयोग झाले होते. परंतु फोनास रस्त्याबरोबर गाडीच्या स्प्रिंगा व चालकाचा वेगही जाणवतो. खड्डा कोठें आहे हें शोधण्यास तो उत्तम. दोन रस्त्यांची तुलना करण्यास आमच्या मतें सायकलचें चाक अधिक प्रामाणिक.

मार्चमधील चांगला आंकडा भाद्रपदांत टिकेलच असें नाहीं, आणि प्रसूतीसाठीं तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाची बाई कांहीं मार्चची वाट पाहत थांबत नाहीं. म्हणून घाटाखालीं वर्षांतून दोनदां माप घ्यावें. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजीं सुरू झाली. तिच्या रस्त्यांची देखभाल काम पुरें झाल्यापासून पांच वर्षें ठेकेदाराकडे असते. त्या पांच वर्षांत दरसाल मृगापूर्वीं एकदां व दिवाळीनंतर एकदां तोच चारशें मीटरांचा तुकडा मोजला, तर ग्रामसभेच्या अर्जास जोडावयास दहा आंकडे तयार असतील.