शिकता शिकता कमाई

प्रश्न : मी मूर्तिजापूरची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅनडात शिकणारा मामेभाऊ ‘को-ऑप’मध्ये शिकता शिकता कमावतो. अकोला-अमरावतीत तसं जमेल का?

उत्तर : आपल्याकडे को-ऑप म्हटलं की जिल्हा सहकारी बँकच आठवते! तुमच्या भावाचा ‘को-ऑप’ म्हणजे एक सत्र वर्गात, एक सत्र पगारी कामावर. ही पद्धत १९०६मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत सुरू झाली. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठाने १९५७पासून ती रुजवली.

आपल्याकडची जवळची वाट म्हणजे शिकाऊ उमेदवारीसह पदवी. त्यात किमान एक सत्र कंपनीत काम, दरमहा विद्यावेतन आणि त्याचे श्रेयांकही. पण महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम घेतलेला असावा लागतो; चालू बी.कॉम.ला तो मधूनच जोडता येत नाही. एम.कॉम.च्या पहिल्या वर्षी कार्यप्रशिक्षण असतं, पण त्यात पैसे मिळतीलच असं नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेच्या नादी आत्ता लागू नका. पदवीधरांना महिना १०,००० रुपये, हे खरं. पण शिक्षण चालू असणाऱ्यांना ती बंद आहे.

माझं मत विचाराल तर अकोल्याच्या डाळमिलमध्ये किंवा जिनिंगमध्ये हंगामात हिशेबाचं काम मागा. टॅली आणि जीएसटी येत असेल तर मालक दारात उभं करतो. कापसाची आवक दिवाळीनंतर आणि नव्या तुरीची जानेवारीच्या सुमारास वाढते, म्हणून दसऱ्याआधीच जाऊन भेटा. पगार आधी ठरवा, आणि शेवटी अनुभवपत्र लेटरहेडवरच घ्या.