बाळ पेटीत, आई कळंबला



बाळ आठव्या महिन्यातच जन्मतं, वजन जेमतेम दीड किलो भरतं आणि गाडी त्याला पुण्याला नेते. सोबत बाप, नाहीतर मामा. आई ‘ओली बाळंतीण’ म्हणून कळंबलाच. चार दिवसांनी ती अतिदक्षता विभागात पोचते, तोवर तिचं दूध आटू लागलेलं असतं. बाळाच्या दुधाची अडचण पुष्कळदा इथूनच सुरू होते, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसतो. त्याआधी दूध नळीने पोटात देतात. नळीला घाबरू नका. घाबरायचं ते पावडरच्या दुधाला. अशा बाळांची आतडी कोवळी असतात. वरच्या दुधाने ती सुजून सडण्याचा धोका वाढतो, आईच्या दुधाने कमी होतो.

म्हणून बाळ चोखत नसलं तरी पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला लागा. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा. रात्रीची पाळी चुकवू नका. हात साबणाने धुवा, वाटी उकळलेली घ्या. पहिल्या दिवशी चमचाभरही निघत नाही. पण तो पिवळा चीक थेंबभर असला तरी बाळाचाच. “हिला दूधच नाही,” असं घरात कुणी म्हटलं की आमचं भांडण ठरलेलं!

डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरा. त्याने दूधही वाढतं. पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा, बाटली नको. मध, गुटी तर नकोच. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं, तर लगेच सिस्टरला सांगा.

आईचं दूध पुरेना, तर दूधपेढीबद्दल विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली दूधपेढी उभी केली. पुण्यात ससूनला आहे. दान आलेलं दूध तपासून, तापवून देतात. ते कोणत्या जातीच्या बाईचं, हे तिथे कुणी विचारत नाही.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि प्रवास जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. गाडी निघतानाच आईला सोबत न्यायचा आग्रह धरा. टाके ओले असल्याने तिला हलवता येत नसेल, तर आहे तिथेच तिने दूध काढत राहावं. ते पोचवायचं कसं, हे विभागातल्या सिस्टरला फोन करून विचारा.