भांड्यावर नक्षी : मीठ, पाणी आणि बॅटरी

ताईंनो, लग्नात द्यायच्या भांड्यांवर आपण परतूरच्या दुकानातून नाव घालून आणतो. नुसतं नाव हवं तर ते मशीनच बरं. पण वेलबुट्टी, गटाचं चिन्ह घरीही कोरता येतं.

स्टीलच्या डब्याला बाहेरून नेलपॉलिश लावा. वाळलं की सुईने नक्षी खरवडा, खालचं स्टील उघडं दिसलं पाहिजे. वाटीभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवा. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची अधिकची वायर डब्याला जोडा. उणेची वायर कापसाच्या बोळ्यात गुंडाळा, तार उघडी राहता कामा नये. बोळा मिठाच्या पाण्यात बुडवून नक्षीवर चार-पाच सेकंद टेकवा, उचला, परत टेकवा. उघडं स्टील विरघळतं, नक्षी उमटते. वायरी उलट लागल्या तर नुसते बुडबुडे येतात.

घरातल्या बोर्डाची लाईट याला कधीच जोडायची नाही. मिठाचं पाणी, ओले हात, जीवच जाईल.

दुसरा धोका दिसत नाही. स्टीलमधलं क्रोमियमही पाण्यात उतरतं, त्याचा एक प्रकार विषारी असतो. थोडा क्लोरीन वायूही निघतो. म्हणून काम अंगणात, रबरी हातमोजे घालून करा, पोरं लांब ठेवा. उरलेलं पाणी आणि बोळे बाटलीत बंद करा. मोरीत, शेतात ओतू नका. आणि भांड्याच्या आतून नक्षी नकोच.